हिब्रू बायबल 'सोप्या' इंग्रजीत आणताना काय काय सांडतं?

पारवा (धागाकर्ता)

'किंग जेम्स वाचवत नाही, एखादं सोप्या इंग्रजीतलं बायबल घ्या, मजकूर तोच असतो' असा सल्ला दुसऱ्या एका धाग्यावर दिसला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मजकूर तोच नसतो. निदान जुन्या कराराचा तरी नसतो.

जुना करार म्हणजे ज्यूंचा तनाख. भाषा हिब्रू, अरामी भाग थोडा, तोही मुख्यतः दानीएल आणि एज्रा या पुस्तकांतला. ही हिब्रू फार अवघड आहे अशातला भाग नाही. शब्द बेताचे, वाक्यं आखूड. नेटाने शिकणाऱ्याला गोष्टींचा भाग वर्षभरात वाचता यायला लागतो. (ईयोबाचं पुस्तक आणि काव्याचा भाग सोडा, तिथे भलेभले घसरतात.) पंचाईत वेगळीच आहे. हिब्रू वाक्य बऱ्याच गोष्टी न बोलता ठेवतं आणि इंग्रजीला त्या बोलल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. त्यामुळे अनुवादक जितकं स्पष्ट लिहायला जातो, तितके निर्णय तो वाचकाच्या वतीने परस्पर घेऊन मोकळा होतो.

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य घ्या. 'बेरेशीत बारा एलोहीम…' १६११ च्या किंग जेम्समध्ये, म्हणजे त्या गाजलेल्या जुन्या इंग्रजी अनुवादात, हे ठाम विधान आहे: आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. पण 'बेरेशीत'चं रूप पाहिलं तर तो शब्द पुढच्या कशाला तरी जोडायला उभा असल्यासारखा दिसतो, 'अमुक गोष्टीच्या सुरुवातीला' असा. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी याने तो तसाच वाचला. 'देव आकाश आणि पृथ्वी घडवू लागला तेव्हा…' आणि वाक्य पुढे चालू. अमेरिकेतल्या ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीने १९६२ मध्ये तोराचा, म्हणजे तनाखच्या पहिल्या पाच ग्रंथांचा, नवा इंग्रजी अनुवाद काढला तेव्हा हेच वाचन घेतलं. फरक लहान नाही. पहिल्या वाचनात आधी काहीच नव्हतं असं म्हणायला जागा आहे. दुसऱ्यात देवाने काम हाती घेतलं तेव्हा अंधार आणि पाणी तिथे होतंच.

यात आणखी एक मेख आहे. मूळ मजकूर व्यंजनांचा. आज छापलेली स्वरचिन्हं मसोरा परंपरेच्या, म्हणजे हा मजकूर जपणाऱ्या ज्यू पंडितांची, मुख्यतः टायबेरियासच्या, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातली. संपूर्ण हिब्रू बायबलची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत लेनिनग्राडची, तीही १००८ च्या आसपासची. म्हणजे 'मूळ' म्हणून आपण ज्यावर बोट ठेवतो, त्यातही आधीच कोणीतरी वाचून ठेवलेलं असतं.

दुसऱ्या वाक्यात 'रुआख एलोहीम' पाण्यावर काहीतरी करतोय. रुआख म्हणजे वारा, श्वास, आत्मा, तिन्ही. किंग जेम्समध्ये देवाचा आत्मा, ज्यूइश सोसायटीच्या अनुवादात देवाकडून आलेला वारा, रॉबर्ट ऑल्टर या अमेरिकी अभ्यासकाच्या अनुवादात देवाचा श्वास. तिघेही बरोबर. आणि हा रुआख जे करतोय ते क्रियापद, 'मेराखेफेत', 'अनुवाद' (इंग्रजीत ड्यूटेरॉनॉमी) नावाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात गरुडासाठी आलंय, तो आपल्या पिलांवर घिरट्या घालतो तिथे. मराठीला 'पाखर घालणे' आहे, काम झालं. इंग्रजीत कोणी वाऱ्याला 'झपाट्याने वाहतो' म्हणतं, कोणी आत्म्याला 'तरंगतो' म्हणतं. वाऱ्याबरोबर पक्षी उडून जातो आणि पक्षी ठेवायचा तर वारा पडतो.

सर्वांत छळणारा शब्द माझ्या मते 'नेफेश'. किंग जेम्समध्ये तो बहुतेक ठिकाणी 'सोल' होतो, आणि सोल म्हटलं की देहातून निघून जाणारा आत्मा डोळ्यांपुढे येतो. हिब्रूत नेफेश म्हणजे जीव, श्वास, भूक, खुद्द माणूस, आणि कधी चक्क गळा. ६९ वं स्तोत्र सुरू होतं तेच मुळी 'पाणी माझ्या नेफेशपर्यंत आलं' असं म्हणत. १६११ वाले लिहितात, पाणी सोलपर्यंत आलं. न्यू इंटरनॅशनल व्हर्जन म्हणते, मानेपर्यंत. बुडणाऱ्याच्या गळ्याशी पाणी असतं आणि जीवही तिथेच अडकलेला असतो. 'प्राण कंठाशी आले' म्हणणाऱ्या भाषेला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीला मात्र दोहोंतलं एक सोडावं लागतं. ऑल्टरने तर स्तोत्रांच्या अनुवादातून 'सोल' हा शब्दच हद्दपार केला.

शेवटचं म्हणजे 'व'. हिब्रू गोष्ट 'आणि'वर चालते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ३१ वचनं आहेत, त्यांतलं पहिलं सोडलं तर प्रत्येक वचन 'वाव' या अक्षराने, म्हणजे आणि-ने सुरू होतं. नवे अनुवाद याला कंटाळवाणं समजतात आणि जागोजागी 'मग', 'तेव्हा', 'म्हणून', 'तरीही' पेरतात. वाचायला गुळगुळीत होतं खरं. पण 'म्हणून' लिहिलं की कारण सांगितलं, 'तरीही' लिहिलं की विरोध सांगितला. मूळ लेखकाने दोन घटना शेजारी ठेवल्या होत्या आणि संबंध वाचकाने लावायचा होता. ऑल्टर याला स्पष्टीकरणाचं पाखंड म्हणतो. मला ते पटतं.

तुमचं काय म्हणणं?

---

घाटावरचा

वाखु (वाचनखूण) साठवली. सवडीने सविस्तर लिहितो.

---

नगरी_मिरची

धागा छान, पण धागाकर्ते हे सगळं हिब्रू येणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहितायत. मी नगरकडची, आमच्याकडे घरी रोज संध्याकाळी शास्त्र वाचतात आणि वाचणारा एक, ऐकणारे दहा असतात. ऐकताना मागे जाऊन तळटीप बघता येत नाही. ज्याची इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा आहे त्याच्यासाठी सोप्या इंग्रजीतलं १९७६ चं गुड न्यूज बायबल हे वरदान होतं आणि आहे. बायबल-अनुवादाचा सिद्धांत मांडणाऱ्या युजीन नायडाचा मुद्दा हाच होता की मूळ ऐकणाऱ्याला जे समजलं ते आजच्या ऐकणाऱ्यालाही समजलं पाहिजे. आमोस संदेष्ट्याचं भाषण ऐकणारा शेतकरी शब्दकोश घेऊन उभा नव्हता.

आणि सोपेपणा ही काही विसाव्या शतकातली टूम नाही. विल्यम टिंडेलचं म्हणणं होतं की नांगरामागच्या पोरालाही शास्त्र कळलं पाहिजे. १५३० मध्ये त्याने तोराचे पाचही ग्रंथ हिब्रूतून इंग्रजीत छापले, १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, तेही साध्या बायकांना कळावं म्हणून. या लोकांना 'निर्णय परस्पर घेतले' म्हणायचं का?

---

पारवा

@नगरी_मिरची, टिंडेलचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण तो माझ्या बाजूने साक्ष देतो. :) त्याने १५२८ मध्ये लिहून ठेवलंय की हिब्रूचा स्वभाव लॅटिनपेक्षा इंग्रजीशी हजारपटीने जास्त जुळतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने शब्दाला शब्द ठेवणं आणि नांगरवाल्याला कळणं ही दोन कामं नव्हती. 'आणि'च्या माळा त्याने तशाच ठेवल्या, कारण खेड्यातला माणूस गोष्ट तशीच सांगतो. 'मग आला, आणि बसला, आणि म्हणाला.' किंग जेम्सवाल्यांनी त्याचंच बरंच उचललं. आज जे 'अवघड इंग्रजी' वाटतं त्यातला अवघडपणा चारशे वर्षांनी आलेला आहे, वाक्यरचनेचा नाही.

ऐकणाऱ्याचा मुद्दा मान्य. तिथे तळटीप मरते.

---

बोलघेवडा

कोट्यांचं काय करतात हे लोक? उत्पत्ती २ च्या शेवटी आदम आणि त्याची बायको 'अरुम्मीम' म्हणजे उघडे होते, आणि लगेच पुढच्या वाक्यात साप सगळ्यांत 'आरूम' म्हणजे धूर्त होता. दोन शब्दांत नाद एकच, अर्थ दोन टोकांचे. इंग्रजीत नेकेड आणि सटल. गेली कोटी. काहींनी न्यूड आणि श्रूड जुळवून पाहिलंय, पण ते जाहिरातीतल्या यमकासारखं वाटतं.

मराठीत मात्र काय योग आहे पाहा. ते दोघे नागवे होते, समोर नाग होता, आणि तो त्यांना नागवणार होता. हिब्रूत दोन होते, आपल्याकडे तीन झाले!

---

नगरी_मिरची

@बोलघेवडा, लोटपोट. पण मुळात नाग नाही, साधा साप आहे. 'नाखाश'.

---

बोलघेवडा

नाखाश! त्यात पण 'ना' आहे. मी माघार घेणार नाही.

---

पारवा

नागाला माझं मत. :)

इंग्रजीला कधीकधी जमतंही, अगदीच अन्याय नको. आमोसच्या आठव्या अध्यायात देव विचारतो, काय दिसतंय? आमोस म्हणतो, 'कायित्स'ची टोपली, म्हणजे उन्हाळी फळं. देव म्हणतो, माझ्या लोकांचा 'केत्स' आला, म्हणजे अंत. किंग जेम्समध्ये उन्हाळी फळं आणि अंत असं कोरडं आलंय, वाचणाऱ्याला कळतच नाही की फळांचा अंताशी संबंध काय. न्यू इंटरनॅशनलवाल्यांनी फळांना 'राइप' केलं आणि पुढे 'द टाइम इज राइप' म्हटलं. अंत हा शब्द हरवला, पण टोपली बघता बघता धमकी होते तो धक्का राहिला. सोप्या अनुवादाने जुन्यावर केलेली ही सरळ मात आहे.

यशया ५:७ ला अजून कोणी हात घालू शकलेलं नाही असं माझं मत. देवाने 'मिश्पात'ची, न्यायाची, वाट पाहिली आणि मिळाला 'मिस्पाख', रक्तपात. 'त्सेदाका'ची, नीतीची, वाट पाहिली आणि मिळाली 'त्सेआका', किंकाळी. एकेका अक्षराचा फरक. कानाला तोच शब्द येतोय असं वाटतं आणि निघतं भलतंच. कविता जे सांगतेय तेच तिचा आवाज करून दाखवतो. इंग्रजीत उरतं ते चार नामांचं विधान.

---

खवट_काका

सगळे फार सोवळ्यात बोलताय, म्हणून जरा. १ शमुवेल २५ मध्ये दावीद चिडून शपथ घेतो की नाबालच्या घरातला एकही 'भिंतीवर मुतणारा' सकाळपर्यंत जिवंत ठेवणार नाही. हिब्रूत शब्दशः हेच आहे आणि १६११ च्या पाद्रीबुवांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत छापलं. राजाच्या नावाचं बायबल, चर्चमध्ये मोठ्याने वाचायचं! नव्या अनुवादांत तिथे नुसतं 'पुरुष'. कळतं, पण दावीदचा तोंडाळ राग पार निघून गेला. तो डोंगरात टोळी घेऊन फिरणारा माणूस आहे, शपथपत्र लिहून देत नाहीये.

उलट त्याच्या आदल्याच अध्यायात शौल राजा गुहेत 'पाय झाकायला' जातो. हे शब्दशः ठेवलं तर वाचकाला वाटतं पांघरूण घेऊन झोपला. तिथे हिब्रूच लाजतेय, आणि नव्या अनुवादांनी तो परसाकडे गेला हे उघड करून सांगितलं ते बरंच केलं, नाहीतर दावीदने त्याच्या झग्याचा काठ कापला तो कसा हे कळायचंच नाही. तात्पर्य, शिवी गाळा आणि सभ्य शब्द उघडा करा, असा उलटा कारभार चाललाय.

---

रेवदंडेकर_इस्रायलहून

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. आम्ही बेने इस्रायल, आजोबा कुलाबा जिल्ह्यातले, आता अश्दोदला. माझ्या नातवंडांना हिब्रू मातृभाषा आहे. त्यांना बायबल सोपं जात असेल असं वाटतं ना? त्यांचीही शब्दांवर फसगत होते, कारण आजच्या हिब्रूत त्याच शब्दांचे अर्थ सरकलेत. यहेज्केलमध्ये 'खश्माल' म्हणजे काहीतरी झगझगीत धातूसारखं, आज त्याचा अर्थ वीज. पोरगं खुशाल म्हणतं, संदेष्ट्याला वीज दिसली.

आमच्या लोकांची गंमत अशी की प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या हिब्रूत आणि समजून घेणं मराठीत. मुंबईत जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या सणाला वाचायची पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत निघाली. एका पानावर दोन्ही असल्या की मराठीने फार काही स्पष्ट करायची गरज पडत नाही, मूळ शेजारी उभं असतं. इंग्रजी बायबल एकटं असतं, म्हणून त्याच्यावर भार फार.

एक आठवलं. उत्पत्ती २:१७, 'मोत तामूत'. इंग्रजीत 'तू खात्रीने मरशील'. हिब्रूत तेच क्रियापद दोनदा. माझी आजी ते 'मरशील म्हणजे मरशीलच' असं सांगायची.

---

घाटावरचा

सवड मिळाली. :)

माझ्या मते खरी कसोटी ईयोब १३:१५. किंग जेम्सचं ते गाजलेलं वाक्य, 'त्याने मला ठार केलं तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवीन.' मृत्यूच्या प्रसंगी वाचतात, श्रद्धेचं शिखर म्हणून. आता हिब्रू बघा: 'हेन यिक्तेलेनी लो अयाखेल.' हा जो 'लो' आहे तो मजकुरात 'लामेद-आलेफ' असा लिहिलाय, म्हणजे 'नाही'. 'तो मला मारील, मला आशा नाही.' पण समासात मसोरावाले सांगतात की वाचताना 'लामेद-वाव' वाचा, म्हणजे 'त्याच्यासाठी, त्याची'. 'मी त्याची वाट पाहीन.' उच्चार दोन्हींचा एकच. कानाने फरक ओळखणं अशक्य!

१९५२ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या अनुवादाने 'मला आशा नाही' घेतलं, न्यू इंटरनॅशनलने आशा ठेवली. आणि हा घोळ आधुनिक नाही. साधारण इसवी सन २०० च्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, सोटा या भागात, नेमकं हेच वचन घेऊन म्हटलंय की गोष्ट अजून तराजूत आहे, तो वाट पाहतोय की पाहत नाही. मला तर वाटतं ईयोबच्या तोंडी हे दोन्ही एकाच वेळी असणं हीच त्या पुस्तकाची ताकद आहे. इंग्रजी वाक्याला मात्र एकाच बाजूला उभं राहावं लागतं, दुसरी बाजू तळाशी बारीक टायपात.

---

नगरी_मिरची

@घाटावरचा, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे हे वचन कबरीवर कोरलेलं पाहिलंय. तरी सांगते, ज्या घरात माणूस गेलाय तिथे 'गोष्ट तराजूत आहे' हे वाचून दाखवता येत नाही. अनुवादकाने निवड केली ती कोणाच्या तरी उपयोगाला आली.

---

पारवा

निवड करण्याबद्दल तक्रार नाहीच. निवड केली हे दिसलं पाहिजे. ज्यूइश सोसायटीच्या १९८५ च्या पूर्ण तनाखमध्ये तळटिपांत पुन्हा पुन्हा एकच वाक्य भेटतं, 'हिब्रूचा अर्थ अनिश्चित'. पहिल्यांदा वाचणारा वैतागतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

आणि स्पष्टपणा लोकांना हवा असतो तोही सोयीचा असेल तेवढाच. यशया ७:१४ मधली 'आल्मा' म्हणजे तरुण स्त्री. सप्तती या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक अनुवादात तिथे कुमारिका असा अर्थ होणारा शब्द पडला, आणि त्यावर ख्रिस्ती परंपरेत पुढचं सगळं उभं राहिलं. रिव्हाइज्ड स्टँडर्डने १९५२ मध्ये सरळ 'तरुण स्त्री' लिहिलं, तर नॉर्थ कॅरोलायनात एका पाद्रीने ते पान जाहीरपणे जाळलं. टिंडेलच्या वेळी अनुवादक जाळायचे, तेव्हा प्रगतीच म्हणायची.

---

सखूबाई

वाचनमात्र होते, एक भाबडा प्रश्न. गीतरत्न वाचताना इंग्रजीत कोण कोणाशी बोलतंय हेच कळत नाही. माझ्या प्रतीत मध्येच 'ती', 'तो', 'मैत्रिणी' असे मथळे आहेत. ते मुळात आहेत का?

---

पारवा

@सखूबाई, भाबडा अजिबात नाही. मथळे मुळात नाहीत, संपादकांनी घातलेत. हिब्रूत बहुतेक ठिकाणी त्यांची गरज पडत नाही, कारण 'तू' पुरुषाला वेगळा आणि बाईला वेगळा, विशेषणंही वेगळी. १:१५ मध्ये 'हिन्नाख याफा', पुढच्याच वचनात 'हिन्नेखा याफे'. मराठीत 'किती देखणी गं तू' आणि 'किती देखणा रे तू' म्हटलं की संपलं. इंग्रजीत एकच 'यू'. तिथे ना बाई कळते ना पुरुष, ना एक ना अनेक. किंग जेम्सच्या 'दाऊ' आणि 'यी'ने एकवचन-अनेकवचन तरी राखलं होतं, सोप्या इंग्रजीत तेही गेलं. म्हणून मग मथळे. काही ठिकाणी बोलणारं कोण यावर संपादकांचं एकमत नाही, त्यामुळे दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत 'ती' बोलत असते तिथे दुसरीत 'तो' बोलताना सापडेल.

---

सखूबाई

धन्यवाद. मग पहिल्यांदा वाचणारीने कोणतं घ्यावं? एकच सांगा.

---

पारवा

एकच नाही सांगणार. :) उत्पत्ती आणि शमुवेल ऑल्टरचे, स्तोत्रं किंग जेम्समधली, ईयोब ज्यूइश सोसायटीचं, तळटिपांसकट.

---

नगरी_मिरची

आणि आमोस न्यू इंटरनॅशनलमधला, हे पण लिहा की. वर स्वतःच मान्य केलंय.

---

खवट_काका

आणि १ शमुवेल २५ जुन्यातलाच.